दुपारचा पहारा

या माऊली, जवळ सरकून बसा. एक गोष्ट सांगते.

गोष्ट म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते. हे घडलेलं आहे. निम्मं माझ्या डोळ्यांदेखत घडलं आणि शेवटचं तर माझ्या या दोन हातांत घडलं. आमच्या घरात तीन पिढ्या वीणेकरी झाले. त्या घरात वाढलेली बाई भुताखेताची थाप मारणार नाही, एवढं समजून ऐका.

भुताची गोष्ट म्हटली की लोक आधी रात्र विचारतात. अमावस्या होती का, किती वाजले होते...

रात्र नव्हती.

भर दुपार होती. चैत्रातली.

आपल्या छत्रपती संभाजीनगरात त्या वेळेला कुत्रंसुद्धा गाडीखाली जाऊन पडतं. रस्ता पांढरा दिसतो. झाडाचं पान हलत नाही. त्या वेळेची ही गोष्ट आहे, आणि तेव्हापासून मी दुपारी एकटी कडुनिंबाखालून जात नाही.

शहराबाहेर, पैठण रस्त्याला आत वळलं की एक लहानसं विद्यापीठ आहे. नाव सांगत नाही. मी तिथं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर. सुलेखा माझं नाव. सगळी पोरं मला ताई म्हणतात.

तिथली तऱ्हाच निराळी. एकच पोरगा सकाळी तत्त्वज्ञान शिकतो, दुपारी अर्थशास्त्र शिकतो आणि संध्याकाळी चाकावर मडकी करतो. लिबरल आर्ट्स म्हणतात त्याला. शहागंजचा एक शिवम होता, बापाचं कापडाचं दुकान. तो म्हणायचा, "ताई, घरी पप्पा विचारतेत, बेटा तू बनणार क्या? मी म्हणतो, अभी तेच शिकवायलेत."

या शिवमच्या खोलीत गोकुळ राहायचा.

गोकुळ पाचोडचा. वडील लहानपणीच गेलेले, आई सारजाबाई शेतात राबून घर चालवायची. गळ्यात तुळशीची माळ आणि कॉलेजचं ओळखपत्र, दोन्ही एकमेकांत गुंतलेलं. दिवसातून दहादा तो गुंता सोडवत बसायचा आणि हसायचा. आवाज असा की एकादशीला आमच्या वसतिगृहाबाहेरच्या ओट्यावर तो गायला लागला की परीक्षेची पोरंही पुस्तक मिटून यायची. मी टाळ धरायचे. माझ्या पोटी लेकरू नाही. त्या ओट्यावर मला ते कधी जाणवलं नाही.

आता अभय सर.

लोकसंस्कृती विभागाचे प्रमुख. बोलणं गोड, वाचन दांडगं. पाहुणे आले की सर त्यांच्याजवळून हलायचे नाहीत. एका वर्षी त्यांच्या मनात आलं की विद्यापीठात सप्ताह बसवायचा. आपल्या गावाकडं बसतो तसा. कीर्तन, भजन आणि सातही दिवस अखंड वीणा. पोरांनी पाळीपाळीनं पहारा द्यायचा आणि त्याचे गुण मिळायचे.

गोकुळनं पाचोडहून आपल्या आज्याची वीणा आणली. पुंजाराम आज्याची. भोपळा काळा पडलेला, पण तार अशी बोलायची की अंगावर काटा यावा.

वाचनालयासमोर मोठा कडुनिंब आहे. त्याच्याखाली सगळ्यांना गोळा करून गोकुळनं रीत समजावली. मी तिथंच होते.

"सप्ता बसला की वीणा उठली," तो म्हणाला. "आता ती जमिनीला टेकवायची न्हाई. खुंटीला लावायची न्हाई. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात. मधी काय न्हाई. आन् वीणेकऱ्यानं जागा सोडायची न्हाई. नाम घ्यायचं आन् उभं ऱ्हायचं."

"और बाथरूम लागली तर?" शिवमनं विचारलं.

"करून यायचं येतानी. तुला पहाटंचा पहारा देतो, थांब."

पोरं हसली.

"बदलीवाला आला की त्यानं आधी वीणेकऱ्याच्या पायावर डोकं ठेवायचं," गोकुळ पुढं म्हणाला. "मग वीणा गळ्यात घ्यायची. ज्यानं दिली त्यानं मग घेणाऱ्याच्या पाया पडायचं. शेवटचा नमस्कार केला की सुटला. तवर न्हाई सुटत."

"आणि बदलीवाला आलाच नाही तर?" एका पोरीनं विचारलं.

"उभं ऱ्हायचं."

"किती वेळ?"

"यील तवर." तो हसला. "आमचा आजा म्हणायचा, वीणा गळ्यात असताना यम आला तरी त्याला म्हणावं, थांब बाबा. बदली येऊ दे."

सगळे हसले. मीही हसले, माऊली.

अभय सर तिथंच उभे होते. त्यांनी गोकुळच्या पाठीवर थाप मारली. "शेवटच्या दिवशी दुपारचा पहारा माझा," म्हणाले. "तुझ्या हातून घेईन मी वीणा."

टाळ्या पडल्या.

सहा दिवस दृष्ट लागावी असे गेले. जीन्स घातलेल्या पोरी भजनाला उभ्या राहिल्या. शिवम पहाटे डोळे चोळत पहाऱ्याला यायचा. शेवटच्या दिवशी मी मात्र नव्हते. सोयगावला बहिणीकडं वास्तुशांतीचं कीर्तन होतं, आदल्या रात्रीच गेले होते. त्या दिवसाचं जे सांगते ते शिवमच्या तोंडचं.

गोकुळला रात्रीपासून ताप होता. "दुसरा उभा करतो," असं शिवम म्हणाला, तर गोकुळ म्हणाला, "दुपारी सर येणार हायती. तवर काढतो."

दुपार झाली.

सर आले नाहीत.

त्या दिवशी बाहेरचे पाहुणे आले होते. बड्या लोकांची समिती. सर त्यांच्यासोबत सभागृहात बसले. आतला गारवा बाहेर जाऊ नये म्हणून दारं लावली. सगळ्या पोरांना आत बसवलं, हजेरी बंधनकारक केली. कडुनिंबाखाली उरला एकटा गोकुळ.

चैत्रात कडुनिंबाची जुनी पानं झडलेली असतात. सावली असते ती नावाला.

शिवम उठून सरांच्या कानाशी गेला. "सर, गोकुळला लई ताप आहे. तुमची बदली."

सर हसून म्हणाले, "पाच मिनिटात येतो."

थोड्या वेळानं शिवम पुन्हा गेला.

"सांगितलं ना. पाच मिनिटात येतो. जागेवर बस." आवाज हळू होता, पण नजर अशी की शिवम बसला. दाराशी कर्मचारी उभा होता, तो कुणाला सोडत नव्हता.

भाषणं झाली. जेवणं झाली. मग दारं उघडली.

गोकुळची पाठ झाडाला लागली होती. गुडघे मोडले होते, मान एका अंगाला कलली होती. डोळे उघडे होते, पण ओळख नव्हती.

आणि वीणा...

वीणा त्यानं दोन्ही हातांनी छातीशी उचलून धरली होती. जमिनीला टेकली नव्हती.

बोटं सोडवता आली नाहीत. दवाखान्यात ती वीणा त्याच्याबरोबरच गेली. दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा तो एकदाच शुद्धीवर आला. माझ्याकडं बघून म्हणाला, "ताई, सर आले का?"

मी हो म्हणणार, तोवर गेला.

चौकशी बसली. सरांनी तिथं जे सांगितलं, तेच नंतर आपल्या खोलीत सारजाबाईला सांगितलं. मी शेजारी होते.

"मावशी, मी स्वतः बाहेर जाऊन त्याला म्हणालो होतो. ऊन फार आहे, वीणा ठेव आणि आत ये. त्यानं ऐकलं नाही. श्रद्धा होती त्याची, काय करणार."

सारजाबाईनं विचारलं, "तुमी सोता गेलते?"

"हो."

"त्यो न्हाई म्हनला?"

"हो ना."

शिवम दारात उभा होता. तो म्हणाला, "झूठ आहे, मावशी. सर खुर्चीवरनं उठलेच नव्हते." सरांनी नुसतं त्याच्याकडं बघितलं. चौकशीतही त्याला कुणी विचारलं नव्हतं. कागदावर एवढंच आलं की मुलगा स्वतःच्या हट्टानं उन्हात थांबला.

हट्टानं. लेक गेलेल्या बाईला हा शब्द घेऊन घरी जायचं होतं.

दवाखान्यातून परत आलेली वीणा सरांनी तिच्यापुढं धरली. तिनं हात मागं घेतले.

"मी न्हाई घ्यायची," ती म्हणाली. "बदली तुमची हुती."

पदर डोक्यावर ओढला आणि पाचोडच्या गाडीला गेली. रडली नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

सरांनी वीणा खोलीतल्या खुंटीला लावली. सप्ताह संपला होता. आता हरकत नाही, असं त्यांना वाटलं असेल.

पण शेवटचा नमस्कार झालाच नव्हता, माऊली.

वर्ष सरत आलं. सर डीन झाले. पोरं नवी आली. आणि मग कडुनिंबाची पानगळ सुरू झाली...

सगळ्यात आधी झाडणाऱ्या कडूबाईला दिसलं. मला हात धरून घेऊन गेली. झाडाखाली पिवळ्या पानांचा थर पडलेला. घोटा बुडेल एवढा. मधोमध दोन जागा मात्र मोकळ्या. लख्ख. शेणानं सारवावं तशा.

दोन पावलांएवढ्या.

"मी न्हाई झाडलं बाई," कडूबाई म्हणाली. "पान तिथं पडतच न्हाई. बगा."

आम्ही दोघी बघत राहिलो. वरून एक पान गिरक्या घेत खाली आलं. त्या जागेवर यायला लागलं आणि मध्येच, माणसाच्या खांद्याला लागून घसरावं तसं... बाजूला घसरलं.

कडूबाईनं तिथंच खराटा टाकला.

मग आवाज सुरू झाला.

दुपारीच. सगळे जेवायला गेले की. सरांच्या बंद खोलीतून एकच तार वाजायची. टण्... मग बराच वेळ काही नाही. मग टण्... गाणं नव्हतं ते. हात दमल्यावर वीणेकरी नुसती तार छेडत राहतो, तसं.

मी एकदा सरांना विचारलं, "सर, ती वीणा कोण वाजवतं हो?"

"उन्हानं तार ताणली की वाजते, सुलेखाताई."

वर्षभर हात न लावलेली तार सैल पडते, माऊली. ही सुरात होती.

आणि खोलीत बुक्क्याचा वास यायला लागला, गोकुळच्या कपाळावर असायचा त्या काळ्या बुक्क्याचा. सर खिडक्या उघड्या टाकायचे, अत्तर शिंपडायचे. तरी यायचा. एकदा वर्गात शिकवताना सर मध्येच थांबले. दाराकडं बघून म्हणाले, "पाच मिनिटात येतो."

दारात कुणी नव्हतं.

पोरं हसली. एकटा शिवम हसला नाही. तो माझ्याकडं आला, तोंड उतरलेलं. "ताई, तो अभी भी ड्यूटीवर आहे," म्हणाला. "त्याला कोणी सोडवलंच नाय ना."

मी ओट्यावर बसून रोज नाम घेतलं. देवाला म्हणाले, लेकराला सोडव.

कसं सोडवेल, हे विचारलं नाही.

पुन्हा चैत्र आला. सरांनीच ठरवलं, या वर्षी सप्ताह गोकुळच्या नावानं करायचा. त्याच्या आईचा साडी-नारळ देऊन सत्कार करायचा. मला राग आला, तसं मी बोललेही. सर म्हणाले, "ताई, लोकांच्या मनातलं काढून टाकायला हवं. मी पहिला पहारा देतो. दुपारचा."

कुणाला तरी दाखवायचं होतं त्यांना, की आपण भीत नाही. कुणाला, ते देव जाणे.

कीर्तनाला आमच्या सोयगावकडचे नानासाहेब महाराज आले होते. सारजाबाई आली. माझ्या शेजारी उभी राहिली. साडी-नारळाला तिनं हात लावला नाही, नुसतं मान हलवून खुर्चीवर ठेवा म्हणाली.

ऊन डोक्यावर आलं.

सरांनी खुंटीवरची वीणा आणली. झाडाखालच्या त्या दोन मोकळ्या जागांशी येऊन उभे राहिले.

"पायताण काढा सर," महाराज म्हणाले.

सरांनी बूट-मोजे काढले आणि त्या दोन जागांवर पावलं ठेवली.

बरोब्बर बसली.

वीणा गळ्यात घातली. फोटो निघाले. सर छान हसत होते. "झालं?" म्हणाले. "चला, पुढचा कोण?"

शिवमची पाळी होती. तो पुढं गेला. रीतीप्रमाणं पाया पडायला वाकला...

आणि वाकता वाकता थांबला.

तसाच मागं सरकला. मागं येत येत माझ्या अंगावर आदळला.

"काय झालं रे?"

"ताई," तो कानाशी म्हणाला, "पाया पडायला जागाच नव्हती. कोणतरी आधीच वाकलेलं आहे तिथं."

सरांचं हसू तोंडावरच राहिलं. ते खाली बघत होते. आम्हीही बघितलं.

त्यांच्या दोन्ही पावलांवर काळ्या बुक्क्याची बोटं उमटत होती. हळूहळू. कुणी कपाळ टेकवण्याआधी पावलं धरावीत तशी.

सगळीकडं वास सुटला.

नानासाहेब महाराजांनी हात जोडले. म्हणाले, "बदली झाली."

सर वीणा काढायला हात वर नेऊ लागले. हात गेले नाहीत. भोपळ्याला धरलेले ते तसेच राहिले. दोघांनी येऊन ओढून बघितलं. महाराज म्हणाले, "ओढू नका. वीणा ओढून घेत नसतात. ज्याला घ्यायची त्यानं पाया पडून घ्यावी."

कुणी पुढं झालं नाही. बुक्क्याची बोटं अजून ओली दिसत होती.

"अरे घ्या कुणीतरी," सर म्हणाले. आवाज चिरकला. मग त्यांची नजर सारजाबाईवर आली. "मावशी, तुम्ही घ्या. तुमचीच आहे ती."

सारजाबाई त्यांच्याकडं बघत राहिली. त्या बाईचे डोळे मी विसरणार नाही. राग नव्हता त्यात. काहीच नव्हतं.

"येते की," ती शांतपणे म्हणाली. "पाच मिन्टात येते."

आणि वळून सभागृहाकडं चालायला लागली.

आत पंगत मांडलेली होती; झाडाखालून भिऊन पळालेलेही तिथंच येऊन बसत होते. ती पाटावर बसली. मी तिच्याजवळ बसले, कारण दुसरं काय करावं ते मला सुचेना. तिनं पोळी मोडली. जेवायला लागली. हळूहळू, नीट चावून. वाढणाऱ्या पोराला म्हणाली, "वरण घाल रे बाबा अजून थोडं."

बाहेरून तार ऐकू येत होती.

टण्...

मग सरांचा आवाज. आधी दटावणीचा. "बास झालं आता. घ्या म्हणतो ना." मग विनवणीचा. मग वेगळाच. समोर उभ्या असलेल्या एकाच माणसाशी बोलावं तसा.

"नको रे बघू असा..."

टण्...

"मी विसरलो नव्हतो. पाहुणे होते रे."

टण्...

आतली सगळी पंगत थांबली. पोरं, प्राध्यापक, पाहुणे, सगळे दाराकडं बघत होते. जेवत होती एकटी सारजाबाई.

"मी आलोच नव्हतो बाहेर," सर ओरडले. "वीणा ठेव असं म्हणालोच नव्हतो मी तुला. खोटं सांगितलं. तुझ्या आईला खोटं सांगितलं. जागेवरून उठलोसुद्धा नव्हतो रे, गोकुळ..."

सारजाबाईचा घास हातातच राहिला.

तिनं डोळे मिटले. ओठ हलले, पण काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. मग घास खाल्ला, ताटात पाणी घेऊन हात धुतला आणि पदरानं तोंड पुसलं.

"चला बाई," मला म्हणाली. "झाली पाच मिन्टं."

बाहेर आलो तेव्हा सर त्याच जागी उभे होते. दोन्ही हात छातीशी, बोटं वाकलेली. उजव्या हाताचं बोट हलत होतं. तार वाजत होती.

पण वीणा नव्हती.

गळ्यात नव्हती, हातात नव्हती, झाडाखाली नव्हती. महाराज तिथून हलले नव्हते, शिवम हलला नव्हता. कुणी नेली ते कुणाला दिसलं नाही. वीणा सापडली सरांच्या खोलीत, खुंटीवर. खोलीला कुलूप होतं. किल्ली सरांच्याच खिशात होती.

सारजाबाईनं खुंटीवरून ती उतरवली. आधी तिच्या पाया पडली, मग लेकरू घ्यावं तशी कडेला घेतली.

दुसऱ्या दिवशी कडूबाई झाडायला गेली. त्या दोन जागांवर पानं पडलेली होती. इतर जमिनीसारखीच.

पाचोडच्या गाडीला बसवायला मी सारजाबाईबरोबर गेले होते. माझ्यानं राहवलं नाही. आयुष्यभर कीर्तनात मी क्षमा ऐकत आले. दुष्ट सासू सुधारते, चोर संत होतो, शेवटी सगळे एकमेकांच्या पाया पडतात आणि आपण डोळे पुसत प्रसाद घेऊन घरी येतो. मी म्हणाले, "सारजाबाई, सरांना सोडवायला नको होतं का हो?"

ती खिडकीतून माझ्याकडं बघत म्हणाली, "मी काय केलं, बाई? मी फकस्त जेवले."

गाडी गेली.

एवढ्यावर संपलं असतं तर मी निवांत झोपले असते.

अभय सर आता घरी असतात. डॉक्टर म्हणतात, शरीराला काही झालेलं नाही. रात्री झोपतात, खातात. सकाळी ठीक असतात, माणसं ओळखतात. पण ऊन डोक्यावर आलं की उठून गच्चीवर जातात. हात छातीशी घेऊन उभे राहतात. धरून खाली आणलं तर दार धडका मारून तोडतात. ऊन उतरेपर्यंत एकच विचारतात, बदली आली का.

त्यांची बायको सोनिया मला फोन करायची. चांगली बाई आहे, तिचा काय दोष. म्हणायची, "ताई, तुमच्यात ते वीणा घेतात ना. तुम्ही येऊन घ्या ना त्यांच्याकडून. खोटंखोटं तरी."

एक दिवस मी गेले.

गच्चीवर धूळ होती. तिच्यात सरांच्या पावलांखालच्या दोन जागा तेवढ्या स्वच्छ. तळपाय भाजून सोललेले. ओठ फुटलेले. मला बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आलात," म्हणाले.

मला दया आली, माऊली. खरंच आली. शत्रू असला तरी उन्हात उभा होता.

मी मनात नाम घेतलं. वाकून त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. उठले आणि वीणा घ्यायला दोन्ही हात पुढं केले. हवेत. तिथं काहीच नव्हतं.

माझ्या बोटांना तार लागली.

तापलेली. थरथरणारी. भोपळ्याचा गुळगुळीतपणा तळव्यांना लागला आणि वजन... वजन माझ्या हातांवर यायला लागलं.

तेवढ्यात माझ्या मागून, अगदी खांद्याशी, ओळखीचा आवाज आला. ओट्यावर गायचा तोच.

"ताई, तुमचा पहारा न्हाई हा."

मी हात काढून घेतले.

मागं कुणी नव्हतं. बुक्क्याचा वास तेवढा होता. सर माझ्याकडं बघत होते, त्यांनीही ऐकलं होतं. ते पुन्हा बोट हलवायला लागले. मी जिना कसा उतरले ते मला आठवत नाही. त्यानंतर सोनियाचा फोन मी उचललेला नाही.

आणि एक गोष्ट मला आजही झोपू देत नाही. शेवटचा नमस्कार झाला होता. पानं पडली होती. गोकुळ सुटला होता ना?

मग ते बोललं कोण?

का तो सुटला, पण गेला नाही... बदलीवाला जागा सोडतो की काय, ते बघत तिथंच थांबला आहे? माझं ते गुणाचं लेकरू, जे माळ आणि ओळखपत्र सोडवताना हसायचं, ते असं थांबलं असेल?

मला ठाऊक नाही. मी रोज दोघांच्याही नावानं नाम घेते. आधी गोकुळच्या. मग त्यांच्या.

तुमच्याकडं एकच मागणं आहे, माऊली. कुठं सप्ताह बसला आणि वीणेचा पहारा तुमच्या वाट्याला आला, तर जरा आधीच जा. समोरच्याच्या पायावर डोकं ठेवाल, तेव्हा मनात एक नाव घ्या. गोकुळ. पाचोडच्या सारजाबाईचा.

त्याची आठवण ठेवा. कुणीतरी वेळेवर आलं, असं त्याला एकदा तरी वाटू द्या.